दुबईच्या नियमांचं दुसरं पान

चूक सूरजची होती, आणि अगदी फालतू होती. ओतूरच्या एसटी स्टँडसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. मंगळवारी संध्याकाळी त्याने आपल्या मामांसाठी, म्हणजे पिंपरी पेंढारच्या बाळासाहेबांसाठी, दुबईत कसं वागायचं याचे नियम दोन पानांवर छापायला टाकले. पहिलं पान बाहेर पडलं आणि प्रिंटरमधला कागद संपला. सूरजचं लक्ष मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये. मामांनी आलेलं पान उचललं. सूरज मान वर न करता म्हणाला, "झालं."

आता हे मामा कोण, ते सांगायला हवं. बाळासाहेब बारा वर्षांपूर्वी गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, ते अकरा महिने. पण जीपच्या काचेवर 'चेअरमन' ही अक्षरं अजून ताजी आहेत, दर दिवाळीला नव्याने रंगवतात. नियम हा त्यांच्या मते ओळख नसलेल्या लोकांसाठी केलेला असतो. टोलनाक्यावर ते पैसे देत नाहीत, कुणाचं तरी नाव देतात. ओझरच्या गणपतीच्या दर्शनाची रांग त्यांनी कधी मागून पाहिलेली नाही. घाटघरला पाहुण्यांना घेऊन गेले तेव्हा 'येथे कचरा टाकू नये' या पाटीलाच टेकून त्यांनी बाटल्या रिकाम्या केल्या आणि पाटीखाली मांडून ठेवल्या, निदान ओळीत.

यंदा धोंड्याचा महिना आला. आपल्याकडे या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, तांब्याच्या ताटात, वर दिवा लावून. लेक तेजस्विनी आणि जावई दुबईला, जावयाला रजा नाही. दुसऱ्या कुणी पुढच्या खेपेला बघू म्हटलं असतं. बाळासाहेबांनी स्टँडवर फ्लेक्स लावला: 'दुबई दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छुक म्हणून खाली अकरा जणांचे फोटो. त्यातल्या नऊ जणांना फ्लेक्स वाचूनच दौरा कळला.

सूरजने दिलेलं पान त्यांनी दुकानातच वाचलं. वाचलं म्हणजे पेन घेऊन तपासलं.

"मेट्रोत काय खायचं न्हाई? आरं, मग तंबाखू कुठं खायाची?"

"तंबाखू पण न्हाई मामा. च्युइंगगमला सुद्धा दंड हाय."

"हे कॉलेजच्या पोरांसाठी असंल," म्हणून त्यांनी ओळ खोडली. मग 'रस्ता वाटेल तिथून ओलांडू नये' खोडलं. 'न विचारता बायकांचे फोटो काढू नयेत' याच्यापाशी थोडं थांबले, सोबत आलेल्या साधनामामींकडे बघितलं आणि ते तेवढं ठेवलं. 'रांग मोडू नये' तर दोनदा खोडलं.

"आपल्या वतूरचा एकजण हाटेल चालवतो तिथं. आपली वळख हाय."

"तो तिथं भांडी घासतो," मामी म्हणाल्या. मामी कमी बोलतात. जे बोलतात त्याची पावती लगेच मिळते. मामा चपला घालायला लागले.

बुधवारी दुपारी लंकाबाई रेशनकार्डाचा फॉर्म काढायला आल्या. सूरजने प्रिंटरमध्ये कागद घातला. मशीनने कालचं राहिलेलं आधी बाहेर टाकलं. लंकाबाईंनी ते पान घेतलं आणि एक एक अक्षर लावत वाचलं, "सोबत नेऊ नये. एक, खसखस." मग चिडून म्हणाल्या, "माझ्या रेशनला खसखस कशाला रं घातली?"

सूरजने ते पान त्यांच्या हातातून ओढून घेतलं. दुबईत खसखस अमली पदार्थांत मोडते. सापडली तर तुरुंग. आणि मामांच्या बॅगेत मामींच्या हातचे तेहतीस अनारसे होते, एका बाजूने खसखशीत लोळवलेले. जीप तासाभरापूर्वीच मुंबईच्या विमानतळाकडे निघाली होती.

मामांचा फोन बंद. विमानात फोन फ्लाइट मोडवर टाकतात हे कुणीतरी सांगितलेलं. मामांनी तो ओतूर सोडतानाच टाकला होता. जन्मात पाळलेला हा पहिला नियम, तो असा. मामींच्या फोनला माळशेज घाटात रेंज नाही. जीप चालवणारा पप्पू घाट उतरून टोकावड्याच्या पुढे गेल्यावर एकदाचा लागला.

"पप्पू, गाडी बाजूला घे आन् फोन स्पीकरवर टाक. मामा, अनारशाला खसखस हाय ना? ती तिथं चालत न्हाई. आत टाकत्यात."

"खसखशीला?" मामा असे हसले की पप्पूही हसला. "आरं, गांजा हाय का तो? मला सांगतो! दुबईवाल्यांना आपल्या वाणातलं काय कळतंय?"

"कळायची गरज न्हाई मामा, मशीन हाय त्यांच्याकडं."

"आन् एवढं व्हतं तर कागदावर का न्हाई लिहिलं?"

इथे सूरजला खरं बोलायची संधी होती. ओतूरच्या कॉलेजात तीन वर्षं शिकलेल्या पोराने ती घ्यायला हवी होती. तो म्हणाला, "लिहिलं व्हतं. तुमी खोडलं असंल."

मामांना ते लगेच पटलं, कारण ते त्यांच्या स्वभावाला धरून होतं. मग पर्स उघडल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा आला. मामींनी ते पान जपून ठेवलं होतं.

"सूरज," त्या सावकाश म्हणाल्या, "खोडलेलं सगळं वाचाया येतंय. बरं. बघते मी."

"काय बघायचंय?" मामा उसळले. "जावयाला वाण बिनअनारशाचं द्यायचं? गावात फ्लेक्स लागलाय माझा!"

"मग नेऊ की," मामी म्हणाल्या. "फकस्त त्या बॅगेला तुमच्या नावाची चिठ्ठी लावा. कुलूप तुमी घाला, चावी तुमच्या खिशात. माझी बॅग येगळी, माझी रांग येगळी. तुमाला आत घेतलं तर मी तेजूकडं ऱ्हाईन. डबा पाठवीन. सुटलात की फ्लेक्स लावू पुन्यांदा."

पप्पू या वेळी हसला नाही. त्याने गाडी बाजूला घेतली होती आणि नजर समोर ठेवली होती. बाळासाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्याचं नाव सांगून नाके पार केले होते. स्वतःचं नाव लिहायची वेळ आल्यावर त्यांचा आवाज अर्ध्यावर आला.

"तसं... बत्तासे पण चालत्यात ना वाणाला?"

"चालत्यात," मामी म्हणाल्या. "जाळी पडलेलं कायबी चालतं."

कल्याणला तेहतीस बत्तासे घेतले. अनारसे पप्पूच्या डब्यात गेले. बॅगेतला सांडलेला कण न् कण मामींनी रस्त्याच्या कडेला झटकला, ओल्या फडक्याने पुसला, मग फडकंही टाकून दिलं. पप्पूने परतीच्या वाटेत अकरा अनारसे संपवले आणि सूरजला एक आणून दिला, तोही फुटका.

दुबईत मामांनी दहा दिवस काय केलं, ते तेजस्विनीने फोनवर सांगितलं. हात खिशात घालून चालले. रस्ता ओलांडताना दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायचा, तरी हे उभेच. मेट्रोत शिंक आली तर परवानगी असल्यासारखं लेकीकडे बघायचे. दहा दिवसांत त्यांच्याइतका कायद्याचा माणूस त्या शहराने पाहिला नसेल. परतताना जीप माळशेज चढून जुन्नरच्या हद्दीत आली आणि मामांनी पहिल्यांदा काच खाली केली. कशासाठी ते सांगायला नको. मागच्या मोटारसायकलवाल्याने शर्ट पुसून घेतला.

आता रोज स्टँडवर ते लोकांना सांगतात, "तिथला कायदा लई कडक. आपल्याला ठाऊक व्हता म्हणून निभावलं. खसखशीचं मीच पप्पूला सांगितलं." पप्पू मान डोलावतो. त्याने अनारसे खाल्लेत.

परवा मामी दुकानात आल्या. तेजूने दिलेल्या खजुराचं पाकीट टेबलावर ठेवलं, शेजारी ते खोडाखोडीचं पान ठेवलं. पानाच्या खाली कोपऱ्यात छापलं होतं, 'दोनपैकी एक'. मामींनी त्यावर बोट ठेवलं.

"खजूर खा," त्या म्हणाल्या. "आन् माझं दुसरं पान दे."

पान ड्रॉवरमध्येच होतं, लंकाबाईंच्या हाताच्या हळदीचा डाग पडलेलं. ते द्यायचं म्हणजे, तुमी खोडलं असंल, हे वाक्य तोंडाने परत घ्यायचं. सूरज ड्रॉवरला गुडघा लावून बसला.

"मामी, प्रिंटर बंद हाय आज. च्या सांगू?"

मामींनी मागे वळून प्रिंटरकडे बघितलं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी चहा घेतला, पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "येते मी पुन्हा. बुधवारी."

बुधवार होऊन गेला. सूरजने त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.