बसल्या जागी पाणी मागण्याचा सराव

दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्याने तिथली भाषा शिकलीच पाहिजे, असं मी लातूरच्या एका सभागृहात पाऊण तास ठणकावून सांगितलं होतं. समोर चाळीसेक माणसं होती, त्यातले निम्मे आयोजक. मराठी पंधरवड्याचा कार्यक्रम होता. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि घरात ठेवायला जागा शोधावी लागते असं एक सन्मानचिन्ह मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बातमी आली. माझ्या नांदेडच्या थोरल्या भावाने तिचं कात्रण व्हॉट्सॲपवर सगळ्या घरादाराला पाठवलं आणि खाली लिहिलं, "आपल्या सूनबाईलाही हेच लागू. तिला तुझ्याकडे धाडतो."

त्याचा मुलगा जर्मनीत नोकरी करतो. उदगीरच्या मुलीशी त्याचं लग्न झालं, आणि रजा संपली म्हणून तो परत गेला. नवराबायको एकत्र राहिले ते अकरा दिवस, त्यातले चार सत्यनारायण आणि देवदर्शनात गेले. तिला तिकडे जायचं तर जर्मन भाषेची सगळ्यात खालच्या पायरीची परीक्षा पास होणं भाग होतं. त्या कागदाशिवाय तिकडचं सरकार बायकोला नवऱ्याकडे येऊ देत नाही. नांदेडला तिने एक क्लास लावला होता, पण तिथले सर महिनाभरात स्वतःच जर्मनीला निघून गेले. लातुरात मात्र कशाचाही क्लास मिळतो आणि सहसा टिकतो. त्यामुळे एक बॅग, एक पुस्तक आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन ती आमच्याकडे आली.

मी निवृत्त प्राध्यापक, विषय इतिहास. भाषणात मी एक गोष्ट गाळली होती, कारण तिने मुद्दा बिघडला असता. आमचे आजोबा नांदेडच्या कचेरीत कारकून होते, आणि तेव्हा सगळं दफ्तर उर्दूत चालायचं. सरकार बाहेरून आलेलं, पण भाषा शिकायची घरच्यांनी, असा तो उलटा मामला होता. आजोबा उत्तम उर्दू शिकले आणि पुढे जन्मभर निजामाला शिव्याही उर्दूतच देत राहिले. मराठीत त्यांना तेवढी मजा येत नसे. आणि मी नांदेडला ज्या गल्लीत वाढलो, तिथले पंजाबी शेजारी माझ्या आईशी "काय करून राहिल्या ताई?" असं इतक्या सहज बोलत की, पुढे पुण्याला शिकायला गेल्यावर तिथल्या वर्गमित्रांपेक्षा तेच मला जास्त मराठी वाटू लागले. त्यांच्याकडून भाषेचा दाखला कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

सूनबाईला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला एकूण भाषा किती येतात गं?"

"मराठीच येती काका. हिंदी शाळंत होती. विंग्रजी जरा कच्चं हाय."

"आणि घरी आजीशी काय बोलतेस?"

"ती कन्नडच बोलती, मग मी बी कन्नडच बोलते."

"वडिलांच्या आडतीवर?"

"तिथं तेलुगूवाले लई येतात. त्यांच्याशी तेलुगू. शेजारी दखनी." मग तिच्या लक्षात आलं, मी काय विचारतोय ते. "पण ते काही शिकले न्हाई मी. ते नुसतं बोलते."

आमच्याकडे आलेल्या बायोडेटात या नुसत्या बोलायच्या भाषांचा उल्लेखच नव्हता. त्यात 'टायपिंग' होतं.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. सकाळी क्लास, दुपारी अभ्यास, संध्याकाळी माझ्या बायकोबरोबर भाजी निवडता निवडता शब्दांची उजळणी. बायकोला ती काकू म्हणते. मीही तेच पुस्तक विकत आणलं आणि व्याकरण पाठ करू लागलो. व्याकरणात मी तिच्या पुढे होतो, पण त्याचा उपयोग कुणालाच नव्हता.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना क्लासच्या बाईंचा फोन आला.

"सर, लेखी चांगलं आहे, ऐकण्याचं चांगलं आहे. तोंडीचा शेवटचा भाग तेवढा अडतोय. ती उठून जाते."

"उठून? कुठे जाते?"

"पाणी आणायला."

तोंडी परीक्षेच्या शेवटच्या भागात चित्रांची कार्डं असतात. कार्डावर पाण्याचा ग्लास, पेन, खुर्ची असं काहीतरी असतं. ज्याच्या हातात कार्ड येईल त्याने समोरच्याकडे ती वस्तू जर्मनमध्ये मागायची, आणि समोरच्याने उत्तर द्यायचं. वाक्यात 'बिट्टे' हा शब्द घालायचा. आपण 'कृपया' म्हणतो तसाच, पण तो तिकडे पाट्यांवरून उतरून माणसांच्या तोंडी बसला आहे. एवढंच काम. शाळकरी पोरालाही जमेल.

मी पुठ्ठ्याची कार्डं केली आणि संध्याकाळी तिला समोर बसवलं. पहिलं कार्ड मी उचललं. पाण्याचा ग्लास. जर्मनमध्ये म्हणालो, "मला पाणी द्याल का, बिट्टे?"

ती उठली, आत गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली.

"अगं, बसून उत्तर द्यायचं. 'हो, देते' एवढंच म्हणायचं."

"पण काका, तहान लागली असंल तर?"

"परीक्षेत कुणाला तहान लागत नसते. बरं, आता तुझी पाळी."

तिने कार्ड उचललं. चहाचा कप. ती कार्डाकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, मग माझ्या पायांकडे. शेवटी जर्मनमध्ये अगदी शुद्ध बोलली, "मी तुमच्यासाठी चहा करते."

"तसं नाही. तू माझ्याकडे मागायचा."

"हाव."

"मग माग की."

"मागते ना." आणि तिने कार्ड पालथं घातलं.

आम्ही चार संध्याकाळी हेच केलं. पेन मागायचं कार्ड आलं की ती स्वतःचं पेन माझ्यापुढे ठेवायची. खुर्ची आली की उभी राहायची. मला वाटलं, शब्द विसरते. मी तिला विनंतीची वाक्यं वहीत पन्नास वेळा लिहायला लावली. तिने ती सुंदर अक्षरात लिहिली. माझ्या हातून तेवढंच अध्यापन होऊ शकत होतं. आयुष्यभर मी तेवढंच केलं होतं.

पाचव्या दिवशी मी बाहेरून आलो, तर आतून आवाज आला. ती स्वयंपाकघरात काकूकडे जर्मनमध्ये मीठ मागत होती, मग हळद, मग झारा, प्रत्येक वेळी 'बिट्टे' लावून आणि हसत हसत. बायकोला जर्मनचं अक्षर येत नाही, पण ती बरोबर वस्तू देत होती.

मी दारातच उभा राहिलो. "हे तर येतंय तुला!"

मला बघून तिने पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि उत्तर बायकोने दिलं. "तिला सगळं येतंय. तुमच्याकडं मागता येत न्हाई."

"कामून? मी काय खातो का?"

"आवो, चुलत सासऱ्याला 'पाणी आणा' म्हणायचं तिनं? तिच्या घरात कुणी म्हटलं असंल का? माझ्या घरात मी म्हटलं न्हाई अजून." बायकोने गॅस बारीक केला. "या घरात तुम्ही उठून कुणाला पाणी दिलंय कधी? मग तिनं तरी तुमच्याकडं कशाच्या जोरावर मागावं?"

मी आठवून बघितलं. आजारपणं आठवली, पाहुणे आठवले. एकही ग्लास आठवला नाही.

ती घाबरून म्हणाली, "तसं न्हाई काका, काकू उगंच..."

"उगंच न्हाई," बायको म्हणाली. "आणि पोरी, परीक्षेला समोर बुवा बसला म्हंजे? केसं पिकलेला? तिथं बी उठून पाणी आणणारेस का? मग बस हितंच, मी बी बरी आन् तू बी बरी."

हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तारीख गेली असती तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. नवऱ्याने तिकडे दोघांसाठी म्हणून मोठं घर घेतलं होतं आणि तो रोज फोनवर तिला रिकामी खोली दाखवायचा.

तर असा निर्णय झाला, म्हणजे बायकोने घेतला, की कार्डं बंद. तिने रोज माझ्याकडे खरोखर काहीतरी मागायचं आणि मी ते खरोखर द्यायचं. ती बसणार, मी उठणार.

पहिल्या दिवशी तिने पाणी मागितलं ते इतक्या हळू की, मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय होती. मी उठलो. मी उठताच तीही उठली. बायकोने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पहिलं कपाट उघडलं, त्यात डाळी होत्या. दुसऱ्यात डबे. याच घरात मी बावीस वर्षं राहतोय. "ग्लास कुठे आहेत?" हे मला मराठीत विचारावं लागलं. बाहेरून दोघींचं हसू ऐकू आलं. तिचं दाबलेलं, बायकोचं मोकळं.

आठवड्याभरात ती जरा मोठ्याने मागू लागली. चष्मा, वर्तमानपत्र, उशी. मी ग्लास धुवायला शिकलो. मग चहा करायला शिकलो. पहिला चहा तिने संपवला, हे तिच्या निश्चयाचं पहिलं चिन्ह मानायला हरकत नाही.

एका संध्याकाळी, ज्यांनी माझं ते भाषण ठेवलं होतं त्या संस्थेचे अध्यक्ष पुढच्या वर्षाचं निमंत्रण घेऊन आले. दारातून त्यांना दिसलं ते असं: घरची सून खुर्चीत ताठ बसलीय, परक्या भाषेत हुकूम सोडतेय आणि त्यांचे वक्ते हातात ट्रे घेऊन तिच्यापुढे वाकलेत. ती ताडकन उठणार होती, पण मीच हाताने बसायची खूण केली.

"हे काय चाललंय, सर?" अध्यक्ष म्हणाले.

"परीक्षेची तयारी."

"कुणाची?"

"दोघांची," आतून बायको म्हणाली.

अध्यक्षांना मी चहा दिला. त्यांनी तो सोफ्याच्या कडेला बसून घेतला आणि पुढच्या वर्षी विषय निसर्गकवितेचा ठेवावा असं सुचवलं.

भाषा शिकलीच पाहिजे, हे माझं मत आजही आहे. डॉक्टरला दुखणं सांगता येत नाही, शेजारणीशी भांडता येत नाही, अशा गावात माणसाने का राहावं? पण भाषणात मी ते असं मांडलं होतं जणू पाहुण्याने पुस्तक पाठ केलं की काम झालं, आणि घरच्यांनी नुसतं तपासायला बसायचं. तपासायला बसणं मला छान जमतं. त्या तीन आठवड्यांत कळलं ते इतकंच की, तिने मागायला शिकायचं असेल तर कुणीतरी उठायला शिकावं लागतं. उदगीरच्या मोंढ्यात, वडिलांच्या आडतीवर, हे कुणी कुणाला शिकवलं नसणार. तिथे ती जी भाषा बोलली तिच्यात समोरून कुणीतरी उत्तर देत होतं, म्हणून तिला ती आली.

परीक्षा पुण्याला होती. मी बरोबर गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. आत जाताना तिने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मला जरा धास्तीच वाटली की सगळी मेहनत वाया गेली.

दीड तासाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"समोर कोण होतं?"

"एक साहेब होते. तुमच्याहून जरा ल्हान. टाय लावलेले."

"कार्ड?"

"ग्लास."

"मग?"

"मागितलं की. खणखणीत. 'बिट्टे' म्हणून." ती बाकावर बसली. "ते 'हो, आनंदानं' म्हणाले. पण उठलेच न्हाईत काका. मी वाट बघत बसले."

मी तिला समजावलं की परीक्षेत तसंच असतं, नुसतं म्हणायचं असतं. ते तिला पटलं नाही. परतीच्या वाटेवर गाडी लातूरला पोचेपर्यंत ती मधून मधून म्हणत होती, "आनंदानं म्हणायचं आन् बसून राहायचं. काय माणूस!"

निकाल मोबाइलवर आला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो. पास. तोंडीचे गुण सगळ्यात चांगले. बायकोने हात न धुताच तिला जवळ घेतलं. मी उठून पेढे आणायला निघालो, तर मला आधी ताट उचलायला सांगण्यात आलं.

तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला. एरवी ती त्याच्याशी आमच्यासमोर 'हाव', 'न्हाई' आणि 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच बोलायची. मला वाटलं, आता रडेल.

"पास झाले," ती म्हणाली. पलीकडून तो बराच वेळ ओरडत राहिला. तिने त्याला पुरतं ओरडू दिलं.

"आता ऐका," ती म्हणाली. "मी येईन त्या दिवशी सुट्टी काढा. विमानतळावर न्यायला तुम्ही स्वतः या, दोस्ताला पाठवू नका. आन् त्या रिकाम्या खोलीला पडदे लावून ठेवा. पिवळे."

मग आमच्याकडे न बघता तिने "बिट्टे" जोडलं.