जांभळे एप्रन

"तू गातेस ना?" असं कुणी इवाना गांदोल्फीला विचारलं, की ती म्हणायची, "गाते नंतर. आधी भांडते."

इटलीतल्या पार्माच्या ऑपेरात तिचा जन्म कोरसमध्ये गेला, आणि कोरसच्या युनियनची पुढारीही तीच. पूर्वी कोरसला विंगेतल्या अंधारात कोंबून गायला लावायचे आणि रंगमंचावर देखणी, भाड्याची माणसं हिंडवायचे. इवानाने संप करून ती पद्धत मोडली. गाणाऱ्याचं तोंड दिसलंच पाहिजे, हा तिचा हट्ट.

त्या हिवाळ्यात ऑर्फियसचा ऑपेरा बसत होता. मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात उतरणाऱ्या गवयाची ही गोष्ट. हॅम्बुर्गहून आलेल्या हेन्रिके या दिग्दर्शिकेने पाताळाचा केला हॅमचा कारखाना, आणि गवयाची वाट अडवणाऱ्या चंडिका झाल्या तिथल्या कामगार बायका. इवाना खूश. तिच्या आईने असल्याच कारखान्यात डुकराच्या मांड्यांना मीठ चोळत हात सोलून घेतले होते.

मग एप्रन आले. जांभळे.

तालीम जागच्या जागी थांबली. बायकांनी पटापट खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. अपशकुनाला उतारा लोखंडाचाच. सगळ्यांनी इवानाला पुढे ढकललं.

"हा रंग रंगमंचावर चालत नाही."

हेन्रिके हसली. "इवानाबाई, तुम्ही तर लाल बावट्याच्या! तुमचा यावर विश्वास आहे?"

"मुळीच नाही. पण घालणार नाही." मग तिचं डोकं फिरलं. "अहो, ईस्टरआधीच्या उपासात पाद्री जांभळं ल्यायचे, की नाटकं बंद! नटांच्या चुली विझायच्या. तुम्हाला खूळ वाटतंय, ती आमच्या धंद्याची भूक आहे."

"माझ्या कारखान्यात हाच रंग. नसेल घालायचा तर विंगेतून गा. एप्रन घालायला दुसऱ्या बायका आणते."

पुन्हा विंग!

संध्याकाळी भाऊ फाउस्तोने आगीत तेल ओतलं. तो न्हावी, पण गॅलरीतून शिट्ट्या मारून नावडता प्रयोग पाडणाऱ्या शिट्टीबहाद्दरांचा म्होरक्या. "जांभळं दिसलं की शिट्टी वाजणार. बहीणबिहीण बघणार नाही."

"वाजव की! पण मी दिसले पाहिजे."

सकाळी तिने हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणले आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला. "रंग तिचा, लोखंड आपलं. मी विंगेत जाणार नाही."

"आणि काही वाईट झालं तर?" म्हातारी एर्सिलिया कुरकुरली.

"तर मला शिव्या घाल. पण उजेडात."

तालमीत सगळ्यांच्या मुठी आवळलेल्या पाहून हेन्रिकेने टाळ्या पिटल्या. "या मुठी! काय राग आहे! अशाच ठेवा."

बायकांनी मुठीतले खिळे आणखी घट्ट धरले.

पहिल्या प्रयोगाला कारखान्याचं दार उघडलं आणि गॅलरीतून शिट्ट्यांचा पाऊस पडला. त्यातली दोन बोटं घालून मारलेली लांब शिट्टी इवानाने लहानपणापासून ऐकली होती. ती सरळ पुढे आली आणि गवयाला म्हणायचा नकार गॅलरीच्या तोंडावर फेकला. मागून सगळ्या जणी. शिट्ट्या काही थांबल्या नाहीत, पण कोरस त्यांच्या वर चढला.

नंतर कोपऱ्यावरच्या बारमध्ये फाउस्तोने तिच्यासाठी लाम्ब्रुस्को वाइन ओतली.

"रंग भिकार आहे."

"ठाऊक आहे."

"माझ्या अंगावर कशाला ओरडत होतीस?"

"दिसत होते ना?"

"न दिसायला काय झालं! सगळ्या पार्माला दिसत होतीस." त्याची नजर तिच्या मुठीवर गेली. "आण तो खिळा इकडे. एवढा वेळ जांभळं बघितलंय मी."

"स्वतःचा आण," इवाना म्हणाली. "मला परवा पुन्हा उभं राहायचंय."