कोनाड्यातले सात नारळ

पुण्याहून धुळ्याची एस.टी. पहाटे सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत लघवीच्या रबरी नळ्या, जखमेच्या पट्ट्या, खुर्चीच्या चाकांचे स्क्रू आणि कार्बन घालून टंकलेली एक यादी होती. मणक्याला इजा होऊन कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेलेली माणसं आमच्या केंद्रात सहा-आठ महिने राहतात आणि मग घरी जातात. घरी त्यांचं कसं चाललंय, हे बघायला मी वर्षातून एकदा फिरते. यादीत नऊ प्रश्न: लघवी, शौच, पाठीवरच्या जखमा, खुर्ची, व्यायाम, उंबरठ्याला उतार, असे. प्रत्येकापुढे चौकट. खूण केली की पुढचं गाव.

धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला नानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. चाकाच्या खुर्चीत बसून, एका डोळ्याला भिंग लावून ते काम करतात.

"बठ्ठं बेस शे, ताई (सगळं छान आहे)," नाना म्हणाले. "दहा वरीस व्हयनात, एक चप्पल झिजनी नही. चप्पलवाला माले शिव्या देस!"

आम्ही दोघं हसलो. त्यांनी मुरमुऱ्यांचा भत्ता मागवला. वीस मिनिटांत नऊ खुणा झाल्या.

दुसऱ्या दिवशी जळगावकडे निघाले. एरंडोलला नारळांच्या पिशव्या घेतलेल्या बायका उतरल्या. पद्मालयाच्या गणपतीला चालल्या होत्या. जळगाव सोडल्यावर काळ्या रानांच्या जागी केळीच्या बागा लागल्या आणि फैजपूरच्या पुढे सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. मी ज्या गावी उतरले, तिथं प्रल्हाद राहतो. केळीचे घड भरलेल्या ट्रकवरून तो पडला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

भर दुपारी तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. खुर्चीवर गोधडी वाळत घातली होती.

"प्रल्हाद, बारा वाजले. खुर्ची काय गोधड्यांसाठी दिली?"

"चुकलं, ताई."

जखमा नव्हत्या. उतार केलेला होता. व्यायाम मात्र दिवाळीपासून बंद. मी समासात लिहिलं, 'आळस'.

त्याच्या आईनं, अक्कांनी, भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) वाढली. जेवताना कोनाड्यात ओळीनं मांडलेले सात नारळ दिसले. त्यांच्यावरचं कुंकू काळपट पडलं होतं. हे कशाचे, असं मी विचारलं.

"पद्मालयाच्या गनपतीचे," अक्का म्हणाल्या. "याचे पाय आगीवानी जयतात (जळतात). तो वरडला का मी येक नारय मांडते. मेल्या पायात जीव येऊन राह्यला, ताई! अकरा झाले का घेऊन जायाचं व्हतं." त्यांचा आवाज उतरला. "पन दिवायीपासून येकबी नाही."

त्या पाणी आणायला बाहेर गेल्या. प्रल्हाद भिंतीकडे बघतच बोलला.

"जयनं थांबलं नाही, ताई. मी सांगनं थांबवलं."

"का?"

"मी वरडलो का ती हासते."

टाचणी टोचली तर कळत नाही, पण तेच पाय दिवसरात्र तापल्या तव्यावर ठेवल्यासारखे वाटतात, असं तो सांगत गेला. रात्री डोळा लागत नाही, मग दिवसा पाण्याचा तांब्याही उचलवत नाही. बोलायला कुणी आलं की झोपेचं सोंग घ्यायचं.

"बरं हाये, विहिरीलोक (विहिरीपर्यंत) खुर्ची जात नाही," तो म्हणाला.

मी समासातला शब्द खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला.

"अक्कांना सांगू या का?"

त्यानं कोनाड्याकडे मान वळवली. "माह्यानं सांगवत नाही. तुम्ही सांगा. पन माह्यासमोर सांगा."

अक्का आल्यावर मी सांगितलं. हे दुखणं खरं आहे, पण ते पाय परत येण्याचं लक्षण नाही. इजा झालेल्या मणक्यातूनच ते उठतं. औषध आहे. त्यानं पुरतं जाईल असं नाही, कमी होऊ शकतं. आणि विहिरीचं तो जे बोलला, तेही त्याच्यासमोरच सांगितलं. आमचे डॉक्टर दोन्ही बघतील, मी त्याला पुण्याला बोलावून घेते. तोवर त्याला एकटं ठेवू नका.

अक्का हातात तांब्या धरून उभ्याच होत्या.

"मंग मी सात डाव हासली?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि खाटेवर त्याच्या उशाशी बसल्या.

"आता जयते का रे?"

"हो."

"लय?"

"लय."

मी ताट उचलून अंगणात गेले. आतून बराच वेळ त्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर यादी मांडीवर घेतली. नऊच्या नऊ प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा हाताला लागणाऱ्या गोष्टींचे होते. इतक्या वर्षांत इतक्या घरांतून मी खुणा करत उठले होते.

धुळ्याला गाडी बदलायला चाळीस मिनिटं होती. मी रिक्षा करून आग्रा रोडला गेले.

"काय ऱ्हायनं, ताई (काय राहिलं)?" नाना हसत म्हणाले.

"एक प्रश्न. नाना, दुखतं का?"

चप्पलवाल्याच्या विनोदासारखं काहीतरी येईल, असं वाटलं होतं. नानांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि उघड्या घड्याळाशेजारी ठेवलं.

"शटर अर्धं वढी ल्या (ओढून घ्या), ताई," ते म्हणाले. "आनि बसा."

पुण्याची गाडी गेली. पुढची साडेचारला होती. तीही गेली.