राजाच्या हत्तींची पत्रिका

माझे एक पूर्वज तंजावरच्या राजाच्या हत्तींच्या पत्रिका मांडत असत, असं इंटरनेटवर तीन ठिकाणी लिहिलेलं आहे.

मला हे कळलं ते मुलीच्या शाळेमुळे. कावेरी नववीत. प्रकल्पाचा विषय : 'आमचं मराठी घराणं कुंभकोणमला कसं आलं'. वर्गातला सर्वांत चांगला प्रकल्प तंजावरच्या प्रदर्शनात जाणार होता, आणि तिथं आपलाच जावा म्हणून पोरगी आठवडाभर धड जेवत नव्हती. अट एकच : प्रत्येक माहितीला भरवशाचा आधार हवा.

"अप्पा, मरुदानल्लूरच्या अत्त्याला विचारू?"

"अत्त्याला? तिच्याकडे लिंक आहे का?"

तरी तिनं फोन केलाच. अत्त्या म्हणाली, "आजोबा भजनात झांज वाजवायचे, तेवढं मी पाहिलंय. त्याच्या मागचं मला ठाऊक नाही गं."

"बघ! 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याचा कसला आधार?" असं म्हणून मी कॉफीचा टंबलर पुढ्यात घेतला आणि स्वतः संशोधनाला बसलो.

दहा मिनिटांत हत्ती सापडले! आमचंच आडनाव, आमचंच गाव! हत्तीण रुसली की आमचे पूर्वज म्हणे तिची साडेसाती तपासत. माझा ऊर भरून आला. (लिहिणाऱ्याची शैलीही मला फार आवडली. इतकं छान लिहिणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं माझं ठाम मत झालं.)

"एका ठिकाणचं चालणार नाही म्हणाल्यात मिस," कावेरी म्हणाली.

"हे घे दुसरं. आणि हे तिसरं!"

"अप्पा, तिन्हीकडे शब्दन् शब्द सारखं आहे."

"खरं असलं की सारखंच असतं, बाळ."

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, पण हत्तीची जन्मवेळ कोण टिपून ठेवत होतं?"

"माहूत!" मी ठणकावलं. संशोधकाला शंका शोभत नाही.

पालकसभेच्या दिवशी कावेरीनं हत्ती सादर केले. टाळ्याही पडल्या. मग मिसनी मोठ्या पडद्यावर तिसरी लिंक उघडली. आधार : दुसरी. दुसरीचा आधार : पहिली. आणि पहिलीच्या तळाशी : 'एका वाचकाची प्रतिक्रिया'. मिसनी तीही उघडली.

प्रतिक्रिया देणाऱ्याचा फोटो म्हणून पडद्यावर भिंतभर मी! महामहम तलावाच्या पायरीवर, वेष्टी नेसून, काळा चष्मा लावून!

"सार्, हे तुम्हीच ना?" मिसनी तमिळमध्ये विचारलं. अख्ख्या सभागृहानं माझ्याकडे वळून खात्री करून घेतली.

मग सगळं आठवलं. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका गृहस्थांनी आपल्या घोडेस्वार पूर्वजांबद्दल लेख लिहिला होता आणि त्यात आमच्या मराठीला 'शिळी' म्हटलं होतं. माझं डोकं फिरलं आणि मी खाली प्रतिक्रिया ठोकली! त्यांच्या घोड्यांपेक्षा मोठं जनावर हवं होतं, आणि नेमका त्याच वेळी देवळाचा हत्ती आमच्या खिडकीखालून चालला होता.

कावेरीचे डोळे भरून आले. "गेलं तंजावर, अप्पा."

मिस भल्या. त्यांनी दोन दिवस मुदत दिली.

"आता मी जातीनं लक्ष घालतो..."

"नको!" मायलेकी एका सुरात ओरडल्या.

दोन दिवसांनी कावेरीनं नवा प्रकल्प दिला आणि तो थेट तंजावरला गेला. पहिल्या पानावर अत्त्या आणि तिच्या दोन ओळी. पुढची नऊ पानं मी! शीर्षक : 'खोटी माहिती कशी पसरते'.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "याला काही पुरावा?"

"आहे की. माझ्या मागेच उभे आहेत," कावेरी म्हणाली. मी घसा साफ केला, तशी ती घाईघाईनं पुढे म्हणाली, "नुसतं बघा, सार्. विचारू काही नका!"

मी संध्याकाळपर्यंत तोंड मिटून उभा राहिलो. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. ज्ञानप्रसाराला माझा हातभार म्हणाल, तर एवढाच!