परवान्याच्या अर्जात जरीना माझी कोण?

मित्रांनो, वाचून झाल्यावर हा कागद पुढच्याकडे द्या.

फाळणीनंतर आमच्या शेजारची जरीना घरच्यांबरोबर कराचीला गेली. पुढच्या महिन्यात तिचा तिथल्या एकाशी निकाह आहे आणि मला त्याआधी तिथं पोचायचंय. म्हणून आज नगरला कचेरीबाहेरच्या मुनशीकडे पाकिस्तानात जायच्या परवान्याचा अर्ज लिहून घ्यायला बसलो.

"युसूफ, तिकडं तुजं कोन हाय?" त्यानं विचारलं.

मी जरीनाचं नाव सांगितलं.

"नातं दाखवल्याबिगर परवाना न्हाई. बहीन लिवू का?"

मी त्याचीच पितळी दौत त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, अर्जावर शाई आणि रक्त सांडलं. लोकांनी मला धुळीत लोळवून तुडवलं.

मुनशी ओठ दाबून म्हणाला, "लेका, तुला पोचवायलाच सांगत हुतो."

उद्या पुन्हा त्याच्याकडेच जायचंय. तुम्ही असता, तर तिला बहीण लिहिलं असतं?