पाच पुनवांची अट

बंदरावर होडी लागली तेव्हा माझी तीन वर्षांची शांता बाच्या खांद्यावर झोपली होती. तिला उठवू नको, असं मीच म्हटलं. बा म्हणाला, "पाच पुनवा अंगात नाय आलं तर पोर घेऊन जा. आलं तर इकडं तोंड दाखवू नको." मी बरं म्हटलं आणि होडीत बसले. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी होती.

शेवंते, तू माझी धाकटी बहीण, तेव्हा आठ वर्षांची. तुला सगळं माहीत नाही, म्हणून लिहिते. शांताच्या पाठचा मुलगा गेला आणि माझी झोप उडाली. कानात कुणीतरी बोलायचं. भगतानं ठरवलं, देवी आहे. दर पुनवेला ढोल वाजायचा, मी घुमायचे, बाया ओटी भरून पाया पडायच्या. एरवी त्याच बाया आपली पोरं माझ्यापासून लांब ठेवायच्या.

तुझे भाऊजी घोडपदेवच्या चाळीत राहायचे, गिरणीत होते. आपल्या लोकांनी तिथे नुकताच धम्म घेतला होता. खोलीतले देव काढलेले, फळी रिकामी. मला धडकीच भरली. देवी चिडली तर? शेजारच्या धोंडामावशींनी निकाल लावला, "देव गेले, तरी दुखणं राहिलं. म्हंजे ते दुखणंच होतं की गं. चल, चपला घाल." त्यांनी परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आजाराला आजार म्हटलं आणि गोळ्या दिल्या.

संध्याकाळी चाळीत वंदना व्हायची. मला वाचता येत होतं, म्हणून बायांना पंचशील सांगायचं काम माझ्याकडे आलं. कानातला आवाज तेव्हाही यायचा. मी माझा चढवायचे. बुद्धानं चमत्कार केला नाही. रोज एका वेळी बसायला लावलं आणि मी देवी नाही, माणूस आहे, एवढं पटवलं. मला तेवढंच हवं होतं.

दोन पुनवा नीट गेल्या. तिसरीला लालबागेत संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. आम्ही बाया पुढे होतो. मागे ढोल सुरू झाले आणि माझं अंग कापायला लागलं, केस सुटले. बघता बघता बायांनी कडं केलं. कुणी कपाळाला कुंकू फासलं. एक म्हातारी पायावर पडली, "आई, मुंबई मिळंल ना गं आपल्याला?"

मागून कुणी ओरडली, "बेळगावचं पण विचार गं!"

खरं सांगते, मोह झाला. अख्खा रस्ता माझ्या तोंडाकडे बघत होता. 'मिळेल' म्हटलं असतं तर पुढच्या पुनवेला दारात रांग लागली असती. मी रस्त्यातच मांडी घातली आणि पंचशील म्हणायला लागले. दात वाजत होते. मग म्हटलं, "आजी, मुंबई मोर्चानं मिळेल. मी आजारी आहे. पाणी द्या."

म्हातारी रागानं उठून गेली. धोंडामावशी पाणी घेऊन आल्या. "गोळी घेतलीस का सकाळी?" मोर्चाच्या घाईत राहिली होती.

तुझे भाऊजी म्हणाले, "बाला कशाला सांगायचं? तिकडून कोण बघायला आलंय?" पण खोटं बोलणार नाही, असं मी रोज बायांकडून म्हणवून घेत होते. पाच पुनवा सरल्यावर गावी आले आणि बाला सांगितलं, "तिसरीला आलं होतं. तरी पोर नेणार."

बानं विचारलं, "कोण होती? देवी?"

"नाही. दुखणं. गोळी चुकली होती."

त्यानं आत हाक मारली, "शेवंते, शांताचे कपडे बांध गो." ते तूच बांधलेस.

आता माझी पन्नाशी आली. गोळ्या चालू आहेत, वंदनाही. गावाची आठवण येते, नाही असं नाही. पण 'आज मला बरं नाही' म्हटल्यावर जिथे कुणी पाया पडत नाही आणि कुणी लांबही सरत नाही, ते माझं घर. तुझ्या थोरल्या मुलीला हल्ली पुनवेला देवी म्हणून पाटावर बसवतात, असं कळलं. तिला एसटीत बसव आणि पाठव. उतरवून घ्यायला मी स्वतः येते.