चुलीजवळचे गोळे

गावाबाहेरच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खनन चालू होतं, ते बघायला मी गेले होते. खोल चरात उतरले, तिथं राखेचा काळा थर होता. त्याखाली एक चूल निघाली होती आणि चुलीला खेटून रचलेले, पेरूएवढे, भाजक्या मातीचे गोळे.

“गोफणीचे हायेत,” माती उपसणारी गिरजाबाई म्हणाली. जन्मभर ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभी राहून तिनं गोफण फिरवली होती.

“म्हणजे हे लोकही पाखरं राखत होते तर,” मी म्हटलं. हजारो वर्षांपूर्वीची ती माणसं मला एकदम ओळखीची, भोळीभाबडी वाटायला लागली.

गिरजाबाईनं एक गोळा तळहातावर तोलून पाहिला. “पाखराला एवढा जड कशाला? पाखरू नुसतं उडवायचं असतं, बाई. ह्यानं डोस्कं फुटंल.”

मग त्या चुलीपुढं बसलेली तेव्हाची बाई मला दिसली. चुलीवर कालवण रटरटतंय आणि खालच्या निखाऱ्यांत ती कुणाच्या तरी कवटीसाठी गोळे भाजते आहे. एकेक उलटून, नीट, कच्चा राहू नये म्हणून. पण गोळ्यांची रास तशीच राहिली होती. फेकायच्या आधीच आग घरात शिरली असावी. मेलेली माणसं भोळीच असणार, असं मी कशावरून धरून चालले होते?

गिरजाबाईनं गोळा जागेवर ठेवला. “असा मारायचा,” म्हणत तिनं रिकामाच हात डोक्यावरून गरकन फिरवला आणि माझ्या दिशेनं सोडला.

मी त्या राखेत दोन्ही हातांनी डोकं झाकून बसले होते.